विज्ञान-रहस्य कादंबरी

विज्ञान-रहस्य कादंबरी : गुन्ह्याचा तपास हा जिचा कणा आहे आणि विज्ञानाच्या अंगाने शक्य वाटणारी, पण आज प्रत्यक्षात नसलेली एखादी गोष्ट जिच्या तपासात गुंतलेली आहे, अशी कादंबरी. विज्ञानकल्पना काढून घेतली तर गुन्हा घडूच शकत नाही किंवा उकलूच शकत नाही, ही तिची खरी खूण. प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासले जातात म्हणून एखादी कथा या प्रकारात येत नाही. ती न्यायवैद्यक तपासाची कथा झाली. खून २२व्या शतकात झाला आणि खुनी मात्र शेजाऱ्याच्या जबानीवरून सापडला, तर तिथे ते शतक नाटकाच्या मागच्या पडद्याइतकेच कामाचे.

या प्रकाराचे आईबाप एकमेकांशी भांडणारे आहेत. रहस्यकथा वाचकाला शब्द देते की, डिटेक्टिव्हला जे दिसले ते तुलाही दाखवले आहे. विज्ञानकथा मात्र वाचकाला ठाऊक नसलेल्या गोष्टीवरच उभी असते. म्हणून रहस्यकथेच्या जुन्या धुरिणांनी विज्ञानकल्पनेला दारातच अडवले. एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ मध्ये वीस नियम घातले. खुनाची पद्धत खऱ्या विज्ञानाला धरून असावी, कल्पित विज्ञान चालणार नाही, हा त्यांतला एक. पुढच्याच वर्षी रोनाल्ड नॉक्स यांनी दहा नियम दिले आणि अज्ञात विष किंवा शेवटी लांबलचक खुलासा करावा लागेल असे उपकरण वर्ज्य ठरवले. गंमत अशी की, बीज मात्र आधीच पडले होते. १८८७ साली शेरलॉक होम्स वाचकांना पहिल्यांदा भेटला तो रक्त ओळखणारे रसायन सापडल्याच्या आनंदात. प्रत्यक्षात माणसाचे रक्त प्राण्याच्या रक्तापासून वेगळे ओळखण्याची खात्रीची चाचणी पॉल उलेनहुट यांनी शोधली ती १९०१ मध्ये.

कोंडी फुटली ती अमेरिकेत. विज्ञानकथा मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांचे म्हणणे होते की, विज्ञानकथेत रहस्य टिकूच शकत नाही, कारण अडचण आली की डिटेक्टिव्ह खिशातून नवे यंत्र काढील. आयझॅक ॲसिमॉव्ह यांनी ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ लिहून त्याला उत्तर दिले. ती १९५३ मध्ये ‘गॅलेक्सी’ मासिकात क्रमशः आली आणि १९५४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. यंत्रमानवाने माणसाला इजा करायची नाही, हा नियम त्यांनी १९४२ पासूनच आपल्या कथांत मांडून ठेवला होता. त्यामुळे खून झाल्यावर कोणता संशयित कुठल्या कारणाने बाद होतो, हे वाचकालाही ताडता येते. याच मासिकात १९५२ मध्ये आलेल्या आल्फ्रेड बेस्टर यांच्या ‘द डिमॉलिश्ड मॅन’ मध्ये पोलीसच मन वाचतात, म्हणून कोडे उलटे होते: विचार लपवता येत नसतील, तर खून करायचा कसा? १९५३ चा पहिला ह्यूगो पुरस्कार या कादंबरीला मिळाला. दोन्ही कादंबऱ्यांनी घालून दिलेला धडा एकच आहे. कल्पित गोष्ट एकच असावी, तिच्या मर्यादा गुन्ह्याच्या आधी सांगाव्यात आणि नंतर लेखकाने स्वतःही त्या मोडू नयेत.

मराठीत हे दोन प्रवाह बराच काळ वेगळे वाहिले. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार, धनंजय आणि काळा पहाड घरोघरी पोचले ते भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून. विज्ञानकथा वाढली मासिकांत, दिवाळी अंकांत आणि १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धांत. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये अशाच स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली होती. बाळ फोंडके यांनी तपासातले विज्ञान मराठी कथेत आणले. तरी कादंबरीच्या लांबीवर दोन्ही धागे एकत्र विणणारे लेखन मराठीत थोडेच आहे, आणि ही उणीव खटकते. रहस्यकथेचा वेग आणि विज्ञानकथेची शिस्त, दोन्ही मराठी वाचकाच्या ओळखीची आहेत.

हा प्रकार गोव्याच्या मातीत लावायचा तर सुरुवात आबे फारिया यांच्यापासून करावी. १७५६ मध्ये कांदोळीत जन्मलेल्या या धर्मगुरूने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले. लिस्बनला राणीसमोर प्रवचन देताना शब्द सुचेनात, तेव्हा वडिलांनी हळूच ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’ म्हटले आणि त्यांची भीती पळाली, अशी आख्यायिका गोव्यात सांगतात. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ १९४५ मध्ये उभारलेला त्यांचा पुतळा आहे. झोप आणणारी शक्ती प्रयोग करणाऱ्याच्या अंगात नसते, ती झोपणाऱ्याच्या मनात असते, हे त्यांचे प्रतिपादन. म्हणजे ‘मला संमोहित करून खून करवला’ ही सवंग सबब फारियांच्याच गावात टिकणार नाही. त्यांच्या विचारावर कादंबरी रचायची तर आरोपीच्या मनात आधीपासून काय होते, हाच तपासाचा प्रश्न होईल.

मन वाचणाऱ्या यंत्राला भारतात आणखी एक अडसर आहे. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात ठरवले की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या नकाशाची चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही. संमती असली तरी चाचणीत निघालेले बोलणे थेट पुरावा होत नाही. त्यावरून सापडलेली वस्तू किंवा माहिती पुराव्यात येऊ शकते. लेखकाला यासारखी दुसरी देणगी नाही. पणजीच्या निरीक्षकाला खुनी पहिल्याच दिवशी कळलेला असावा आणि कोर्टापुढे ठेवता येईल असे काही शोधण्यात पुढची २०० पाने जावीत.

खुनाचा हेतूसुद्धा गोव्यात वेगळा रचावा लागतो. इथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा चालतो. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नी मालमत्तेचे निम्मे निम्मे धनी असतात, आणि मुले असतील तर मरणाऱ्याच्या वाट्यातला अर्धा भाग त्यांच्यासाठी राखीव असतो. मृत्युपत्र करता येते ते उरलेल्या अर्ध्याचे. ‘बाप उद्या मृत्युपत्र बदलणार, म्हणून आज त्याला संपवला’ ही इंग्रजी रहस्यकथेतली घासून गुळगुळीत झालेली युक्ती इथे निम्मी लंगडी पडते. यात विज्ञानकल्पना घातली की मजा येते. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेला मुलगा हा त्याचा मुलगा की जुळा भाऊ? मुलगा ठरला तर राखीव हिस्सा त्याचा. भाऊ ठरला तर मुले असताना त्याला काहीच नाही. वाटणीच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे वारस आणि मालमत्तेच्या यादीत, त्याचे नाव कुठल्या रकान्यात घालावे, याच्या उत्तरातूनच खुनाला कारण मिळते.

तपासाची व्यवस्था थोडक्यात सांगता येते. राज्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळा वेर्ण्याला आहे. शवविच्छेदनासाठी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याचे मूळ १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेत सापडते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे, ती टप्प्याटप्प्याने अमलात यायची आहे. आजच्या काळातल्या कादंबरीत पंचनाम्याच्या वेळी हा तज्ज्ञ हजर असायला हवा.

या प्रकाराला खरे खाद्य मात्र गोव्याच्या पाण्यात आहे. मांडवी आणि जुवारीच्या काठची खाजने, म्हणजे सखल शेते, समुद्राच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली आहेत आणि बांधातल्या मानशीला, म्हणजे पाणी जायच्या वाटेला, लाकडी दारे असतात. भरती आली की नदीचे पाणी दार दाबून बंद करते, ओहोटीला आतले पाणी ते ढकलून उघडते. कोणी हात लावावा लागत नाही. भरती दिवसाला साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि मुरगावच्या भरतीची वेळ आगाऊ गणिताने काढता येते. प्रेत बांधाच्या बाहेर नदीच्या बाजूला सापडले, तर ते मानशीतून कधी बाहेर पडू शकले असते आणि कधी नाही, हे कागदावर मांडता येते. साक्षीदार खोटे बोलेल, मानशीचे दार बोलणार नाही. कोणी रात्री मुद्दाम फळी अडकवली असेल तर त्याची खूण शेतात चढलेल्या खारट पाण्यात राहते.

त्याच पाण्यात डायाटम असतात, सिलिकाचे कवच असलेली सूक्ष्म शैवले. जिवंत माणूस बुडतो तेव्हा फुप्फुसात गेलेल्या पाण्याबरोबर ती रक्तात मिसळून हाडांच्या मगजापर्यंत पोचू शकतात. मेल्यावर पाण्यात टाकलेल्याच्या अंगात रक्त फिरत नाही, म्हणून ती सहसा तिथवर जात नाहीत. या चाचणीवर तज्ज्ञांचे मतभेद आहेत, आणि ते कादंबरीत यावेत, कारण बचावाचा वकील तिथेच बोट ठेवणार. उन्हाळ्यात मांडवीत खारे पाणी बरेच आत शिरते, पावसाळ्यात नदीचे पाणी गोडे होते आणि त्याबरोबर तिच्यातली शैवलेही बदलतात. दोनापावला इथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तेव्हा अशा पाण्याचा अभ्यास करणारे पात्र शोधायला लेखकाला लांब जावे लागत नाही. आता एकच कल्पित गोष्ट घालावी: प्रयोगशाळेत घडवलेली, प्रत्येक पाण्याचा ठसा जपून ठेवणारी जात. चार महिन्यांपूर्वी नदीत सोडलेली ती शैवले, तेव्हाच्याच पाण्याचा ठसा घेऊन, जूनमध्ये सापडलेल्या प्रेताच्या हाडांच्या मगजात निघतात, आणि माणूस मात्र आदल्या रात्रीपर्यंत पेडण्याच्या एका नाटकात काम करताना गावाने पाहिलेला असतो.

अशी कादंबरी मराठीत लिहिताना भाषेचा प्रश्न टाळता येत नाही. निवेदन मराठीत चालेल, पण मानशीवरचा माणूस कोंकणीतच बोलेल आणि त्याचा जबाब स्टेशनवर लिहिला जाताना इंग्रजी होईल. जमिनीचा जुना दस्त काढला तर तो पोर्तुगीजमध्ये, वळणदार हस्ताक्षरात. एकाच वाक्याचे तोंडातून कागदावर येईपर्यंत तीन अर्थ होतात. ‘पाणी भरले’ म्हणजे भरती आली, की कोणी दार उघडून शेत भरवले, हे जबाबाच्या इंग्रजीत हरवते आणि निरीक्षकाला त्या माणसाकडे पुन्हा जाऊन त्याच्याच बोलीत विचारावे लागते.