राष्ट्रीय संग्रहालयातलं क्युरेटरचं पद: यूपीएससीचा अर्ज आणि कागदपत्रं

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात क्युरेटर (संग्रहातल्या वस्तू सांभाळणारा अभिरक्षक) वर्गातली पदं सरळसेवेने भरायची असली की जाहिरात यूपीएससी, म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोग, काढते. आयोगाच्या परीक्षांच्या वेळापत्रकात ती सापडणार नाही. संकेतस्थळावर ‘ऑनलाइन रिक्रूटमेंट ॲप्लिकेशन’ (ओआरए) हा वेगळा विभाग आहे, तिथे लक्ष ठेवा.

पात्रता प्रत्येक जाहिरातीत वेगळी असते, कारण संग्रहालयात चित्रकला, नाणी, शस्त्रास्त्रं, हस्तलिखितं असे स्वतंत्र विभाग आहेत. साधारणपणे कला-इतिहास, संग्रहालयशास्त्र, पुरातत्त्व यांसारख्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि संग्रहालयातल्या कामाचा अनुभव मागतात. वय शेवटच्या तारखेला मोजतात. अनुभव किमान शैक्षणिक पात्रता मिळाल्यानंतरचाच धरतात, त्यामुळे शिकता शिकता केलेली इंटर्नशिप त्यात मोजू नका.

शुल्क फक्त 25 रुपये. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना तेही माफ.

अर्ज बाद होतात ते मुख्यतः अनुभवाच्या दाखल्यापायी. नेमणूकपत्र, पगाराची स्लिप, राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र, सही नसलेला दाखला, यातलं काहीही दाखल्याऐवजी चालत नाही. दाखला संस्थेच्या लेटरहेडवर, आयोगाच्या नमुन्यात हवा: पदनाम, कधीपासून कधीपर्यंत, पूर्णवेळ की अर्धवेळ, वेतन, कामाचं स्वरूप, अधिकाऱ्याची सही आणि तारीख. ‘संग्रहालयात समाधानकारक काम केले’ एवढ्या वाक्यावरून क्युरेटरचं काम सिद्ध होत नाही. त्याऐवजी ‘लघुचित्रांची ॲक्सेशन रजिस्टरमध्ये (संग्रहात दाखल वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद, वस्तूंची स्थितिनोंद, प्रदर्शनाची मांडणी व माहितीफलकांचे लेखन’ असं नेमकं लिहून घ्या. जुनी नोकरी सोडून वर्षं लोटली की असा दाखला मिळवायला महिने लागतात, आणि जाहिरातीची मुदत काही आठवड्यांचीच असते. म्हणून दाखले जाहिरातीची वाट न पाहता आत्ताच करून ठेवा.

महाराष्ट्रातल्या उमेदवारांचं आणखी एका ठिकाणी अडतं. मराठी दाखला जसाच्या तसा चालत नाही. हिंदी-इंग्रजीखेरीज इतर भाषेतल्या कागदाला राजपत्रित अधिकारी किंवा नोटरीने साक्षांकित केलेला अनुवाद जोडावा लागतो. ओबीसी प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यातलं हवं आणि जात केंद्राच्या यादीत असायला हवी. राज्याचा एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्ग केंद्राच्या भरतीत नाही.

बाकी कागद नेहमीचेच: जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, पदवी प्रमाणपत्रं, सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका. पदवीवर विषय लिहिलेला नसेल तर गुणपत्रिकेवरून तो दिसला पाहिजे. समकक्ष पदवीचा दावा असेल तर ती समकक्ष ठरवणाऱ्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख द्या.

किमान पात्रता भरली म्हणजे मुलाखतीचं बोलावणं आलंच असं नाही. अर्ज जास्त आले की आयोग वरची पदवी, जास्त अनुभव किंवा ‘इष्ट’ (सक्तीची नसलेली, पण असल्यास चांगली) पात्रता पाहून यादी छोटी करतो, कधी भरती चाचणीही घेतो. तेव्हा पीएचडी, संवर्धनाचं प्रशिक्षण, जादा वर्षांचा अनुभव हे सगळं अर्जात लिहा आणि पुरावा अपलोड करा. नंतर काढलेला कागद उपयोगी पडत नाही. मुलाखत 100 गुणांची. किमान गुण खुल्या व ईडब्ल्यूएस प्रवर्गाला 50, ओबीसीला 45, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना 40.

केंद्रीय संग्रहालयांतली संचालक पातळीची पदं बऱ्याचदा प्रतिनियुक्तीवर, म्हणजे दुसऱ्या सरकारी कार्यालयातल्या अधिकाऱ्याला ठरावीक काळासाठी आणून, भरतात. तो अर्ज थेट पाठवून भागत नाही, तो आपल्या कार्यालयामार्फतच जावा लागतो. सोबत 5 वर्षांच्या गोपनीय अहवालांच्या साक्षांकित प्रती, दक्षता विभागाचं ना-हरकत, सचोटी प्रमाणपत्र आणि 10 वर्षांतल्या शिक्षांचं विवरण. हे कागद कार्यालयातून वेळेत निघत नाहीत, म्हणून आगाऊ प्रत थेट पाठवून मूळ अर्जाच्या मागे लागा.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाला यातलं काही लागू नाही. ते विश्वस्त मंडळाचं आहे आणि भरती स्वतःच करतं.