इअरफोनचे आवाज इतके वेगवेगळे का? थोडी मागची गोष्ट

परभणीत मी आणि माझा मित्र, दोघांकडं वेगवेगळे इअरफोन आहेत. मोबाईल एकच, तुळजापूरच्या गोंधळाचं रेकॉर्डिंगही तेच, तरी त्याच्या इअरफोनात संबळ लई घुमतो पण गोंधळ्याचा आवाज मागं जातो, आणि माझ्यात तुणतुण्याची तार ठसठशीत कळते पण संबळ पोकळ वाटतो. प्रत्येक इअरफोनच्या आवाजाच्या या आपापल्या ढंगालाच साऊंड सिग्नेचर म्हणतात.

मुळात अडचण कानाची आहे. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटरची, मोकळ्या कानात ही नळी आणि बाहेरची पाळी मिळून 3 किलोहर्ट्झच्या आसपासचा (उंच पट्टीचा) आवाज सुमारे 15 डेसिबलनं उचलतात, आणि आपल्या मेंदूला जन्मापासून त्याचीच सवय. इअरफोन आत घातला की नळी बंद, म्हणजे ती उचल आता इअरफोननंच द्यायची. किती द्यायची आणि खाली बेस (खर्जाचा आवाज) किती ठेवायचा, सगळं भांडण इथंच आहे बघा.

पहिलं उत्तर आलं श्रवणयंत्राच्या दुनियेतून. मीड किलियन या माणसानं 1983 मध्ये अमेरिकेत एटिमोटिक रिसर्च कंपनी काढली आणि 1991 मध्ये त्यांचा ईआर-4 आला, आत श्रवणयंत्रात वापरतात तसला बारका बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग), नळीत खोल बसणारा, बेस मोजकाच. आज लोक ज्याला न्यूट्रल, म्हणजे काही फुगवलेलं नाही असा आवाज, म्हणतात त्याचं मूळ बऱ्यापैकी इथं आहे.

दुसरी वाट स्टेजवरची. 1995 मध्ये जेरी हार्वे या साऊंड इंजिनिअरनं ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हॅलेनसाठी कानाच्या मापाचे मॉनिटर (स्टेजवर स्वतःचं ऐकायचे इअरफोन) बनवले, त्यातूनच अल्टिमेट इअर्स कंपनी उभी राहिली. इथं गरजच निराळी होती, एवढ्या गोंगाटात बाहेरचा आवाज अडवून वादकाला स्वतःचं वाजवणं ऐकू यायला पाहिजे.

मग 2001 ला आयपॉड आला, गाणी खिशात आली. बस-रेल्वेच्या घरघरीत पहिला बेस बुडतो, म्हणून बेस वाढवलेला आणि वरची चमक वाढवलेली व्ही शेप (दोन्ही टोकं वर, मधला भाग खाली) धाटणी स्वस्त इअरफोनांत भरपूर दिसते. नांदेडच्या गाडीत बसलं की मित्राचा इअरफोन खरंच बरा वाटतो, हे मी मान्य करतो.

माझ्या मते खरा बदल हरमन या ऑडिओ कंपनीत झाला. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना बसवून, ब्रँड न सांगता ऐकवलं आणि बहुतेकांना काय आवडतं ते आलेखात आणलं. इन-इअर, म्हणजे कानात बसणाऱ्या इअरफोनसाठीचा 2019 चा टार्गेट (आवाज कसा असावा याचा नमुना आलेख) आजही तुलनेत सारखा पुढं येतो, त्यात बेस डोक्यावरच्या हेडफोनच्या टार्गेटपेक्षाही जास्त आहे. मला तो जास्तच वाटतो, पण निदान बोलायला एक समान माप मिळालं.

इअरफोनचा आवाज मोजायला 1981 च्या आयईसी 711 या आंतरराष्ट्रीय मानकाचा कृत्रिम कान वापरतात, त्याच्या स्वस्त चिनी नकला आल्या आणि घरबसल्या आलेख काढणारे वाढले. पण 8 किलोहर्ट्झच्या पुढचा आलेख इअरफोन किती आत बसवला त्यावर हलतो, त्यामुळं तिथले उंचवटे बघून निकाल देऊ नका.

आणि माझ्या इअरफोनातला पोकळ संबळ? टिप (टोकाचं रबर) ढिली बसत होती, फट राहिली की बेस सगळ्यात आधी गळतो. एक माप मोठी टिप लावली आणि संबळ भरला, तुणतुणं होतं तसंच राहिलं.