परदेशातून पुण्यात परतताय? मुलांचे कागद आधी, बाकी सगळं नंतर

परदेशातला मुक्काम आवरून सहकुटुंब पुण्यात परतणारी बहुतेक घरं मे ते जुलैच्या दरम्यान येतात, कारण तिकडचं शाळेचं वर्ष तेव्हा संपतं. घर बघणं, सामान लावणं, नातेवाइकांकडे जाऊन येणं यात पहिला महिना निघून जातो आणि जुलैच्या शेवटी सगळे अर्ज एकदम भरायला घेतले जातात. नेमकं तिथेच अडतं. बाणेर, औंध, वाकड भागातल्या अशा कुटुंबांना कागद जमवायला मदत करताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. मोठ्यांची कामं उशिरा सुरू केली तरी होतात, पण मुलांच्या कागदांना मुदती असतात आणि काही कागद भारतात येऊन मिळतच नाहीत. म्हणून ही माहिती मुलांपासून सुरू करते.

मुलाचा पासपोर्ट कोणत्या देशाचा?

पुढचं सगळं यावर ठरतं. मुलाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर आधारसाठी थांबावं लागत नाही. पूर्वी अनिवासी भारतीयांनाही १८२ दिवसांच्या वास्तव्याची अट होती. ती २०१९ मध्ये काढून टाकली. वैध भारतीय पासपोर्ट घेऊन आल्या आल्या आधार केंद्रात जाता येतं. केंद्रातला माणूस जुन्या अटीवर बोट ठेवू लागला तर वाद घालू नका, अनिवासी भारतीयांसाठीचा अर्ज शांतपणे मागा.

मुलाचा पासपोर्ट परदेशी असेल आणि त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) असेल, तर मात्र अर्जाच्या आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्याशिवाय आधार मिळत नाही. १० जूनला उतरलेल्या मुलाचे १८२ दिवस ८ डिसेंबरला भरतात. हे दिवस सलग असण्याची अट नाही. आदल्या हिवाळ्यात तीन आठवडे आजोळी आला असेल आणि ते दिवस त्या १२ महिन्यांत बसत असतील, तर तेही धरले जातात. हे बहुतेकांना कुणी सांगत नाही.

ओसीआय कार्डही नसेल तर अडचण मोठी. पर्यटक व्हिसावर आलेल्या मुलाचा ओसीआय अर्ज भारतातून घेतला जात नाही. त्यामुळे हे कार्ड निघण्यापूर्वी तिकडच्या भारतीय वकिलातीतूनच करून घ्या. आणि कार्ड असलेल्या मुलाला मधल्या काळात नवा पासपोर्ट मिळाला असेल, तर तो मिळाल्यापासून तीन महिन्यांत त्याची प्रत आणि नवा फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा असतो. त्याला शुल्क नाही. फक्त आठवण राहत नाही.

जन्मदाखला: ६० दिवस कुठून मोजायचे

सर्वांत जास्त घरं इथे अडकतात. परदेशी जन्मदाखला इथल्या कार्यालयात चालावा म्हणून त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याची दुसऱ्या देशात चालणारी सरकारी खूण, लागतं, आणि ते दाखला देणाऱ्या देशातच मिळतं. दिल्लीतलं आपलं परराष्ट्र मंत्रालय भारतात दिलेल्या कागदांवर अपोस्टिल करतं, टेक्सासच्या दाखल्यावर नाही. अमेरिकेत ते त्या त्या राज्याच्या कार्यालयाकडून घ्यावं लागतं, म्हणजे मूल न्यू जर्सीत जन्मलं आणि तुम्ही कॅलिफोर्नियातून परतताय, तरी कागद न्यू जर्सीलाच पाठवायचा. संयुक्त अरब अमिराती अपोस्टिलच्या करारात नाही. तिथल्या दाखल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा आणि त्यानंतर भारतीय वकिलातीचा शिक्का लागतो. हे काम विमानात बसण्याआधी झालं नाही, तर इथून कुरिअर, दलाल आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहणं एवढंच हाती उरतं.

आता मुदतीचं. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम २० मध्ये एक तरतूद आहे: परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वकिलातीत झाली नसेल आणि आई-वडील स्थायिक होण्यासाठी भारतात परतले असतील, तर मूल भारतात आल्यापासून ६० दिवसांत त्याच्या जन्माची इथे नोंद करता येते. अनेक पालक समजतात की हे ६० दिवस जन्मापासूनचे, म्हणजे आपली मुदत कधीच संपली. तसं नाही, मुदत आगमनापासून सुरू होते. उलटी चूकही तेवढीच होते. ‘करू सावकाश’ म्हणता म्हणता १० जूनला आलेल्यांचा ऑगस्टचा पहिला आठवडा उलटतो. त्यानंतर विलंबाच्या नोंदीचे नियम लागतात: आधी विलंब शुल्क, मग वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश.

ही नोंद सक्तीची नाही आणि तिच्यामुळे भारतीय नागरिकत्वही मिळत नाही. तरी मी प्रत्येकाला ती करायला सांगते. इथला दाखला हातात असला की पुढे प्रत्येक खिडकीवर परदेशी कागद समजावून सांगत बसावं लागत नाही. आगमनाची तारीख सिद्ध करावी लागते, म्हणून पासपोर्टवरच्या शिक्क्याच्या पानाची प्रत काढा आणि मुलाचा बोर्डिंग पास टाकून देऊ नका.

अर्ज कुठे, यावरही लोक परत पाठवले जातात. आपण सगळेच ‘पुण्यात राहतो’ म्हणतो, पण बाणेर-बालेवाडी पुणे महापालिकेत, वाकड आणि पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महापालिकेत, आणि हिंजवडीला ग्रामपंचायत. सोसायटीच्या पाटीवर काय लिहिलंय ते न पाहता मालमत्ता कराची पावती कुणाची आहे ते पाहा.

नाव आणि तारीख

परदेशी दाखल्यावर मुलाचं नाव बहुधा दोनच शब्दांचं असतं, नाव आणि आडनाव. इथल्या शाळेचा अर्ज वडिलांच्या नावासह तीन शब्द मागतो. पालक सवयीने तीन शब्द लिहितात, ते शाळेच्या जनरल रजिस्टरला चढतात, आधार पासपोर्टप्रमाणे दोन शब्दांचं निघतं, आणि दहावीचा अर्ज भरताना दोन्ही जुळत नाहीत. जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी. ती मुलाने शाळा सोडण्यापूर्वीच करून घ्यावी लागते. पासपोर्टवर जे आहे तेच अक्षरशः सगळीकडे लिहा, क्लार्क कितीही म्हणाला की ‘वडिलांचं नाव टाकावंच लागतं’. वडिलांच्या नावाला अर्जात वेगळा रकाना असतो.

दुसरी चूक तारखेची. अमेरिकेच्या दाखल्यावर महिना आधी, दिवस नंतर. ०७/०४/२०१७ म्हणजे ४ जुलै, पण इथे ते ७ एप्रिल वाचलं जातं, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही कारण दोन्ही तारखा खऱ्या वाटतात. प्रत्येक अर्जावर महिना अक्षरांत लिहा. संगणकावर नोंद होताना समोर उभं राहून पडद्यावरची तारीख वाचा, पावती घेऊन निघण्याआधी.

शाळा

शाळा सोडल्याचा दाखला परदेशी शाळा सहसा देतच नाहीत, त्यांच्याकडे तसा कागद नसतो. त्याऐवजी लेटरहेडवर एक पत्र घ्या: मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, कोणती इयत्ता पूर्ण केली, शाळेतला शेवटचा दिवस, सही आणि शिक्का. सोबत शेवटच्या दोन वर्षांची प्रगतिपत्रकं. हे पत्र शाळा सुरू असतानाच मागा. अमेरिकेत जूननंतर शाळेच्या कार्यालयात कुणी भेटत नाही, आणि तुम्हाला ते पत्र जूनमध्येच इथे द्यायचं असतं.

शिक्षण हक्क कायदा म्हणतो की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येणार नाही, पण ही तरतूद सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी आहे. विनाअनुदानित शाळेत तिच्या जोरावर भांडायला गेलात तर उपयोग होत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून कुणालाही प्रवेश नाकारता येत नाही, हे त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे.

आणि आधार. शाळा ते मागतातच, कारण सरकारी पोर्टलवर प्रत्येक मुलाची नोंद करताना त्याचा रकाना समोर येतो. ज्या मुलाला डिसेंबरपर्यंत आधार मिळूच शकत नाही, त्याच्या आईला ‘आधार आणा, मग बघू’ म्हणून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे, आणि त्याचा मला फार राग येतो. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे की शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही. पण निकाल तोंडी सांगून खिडकी उघडत नाही. मुख्याध्यापकांच्या नावे एक पानी पत्र द्या: मूल ओसीआयधारक आहे, अमुक तारखेला भारतात आलं, १८२ दिवस अमुक तारखेला पूर्ण होतात, त्यानंतर आधार सादर करू. सोबत ओसीआय कार्डाची आणि आगमनाच्या शिक्क्याची प्रत जोडा आणि पोच घ्या. फाइलला लावायला कागद मिळाला की क्लार्कचीही अडचण सुटते. नकार देण्यामागे बहुतेक वेळा तीच अडचण असते.

सीबीएसई शाळांचं वर्ष साधारण एप्रिलमध्ये सुरू होतं, राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. त्यामुळे जुलैत येणाऱ्यांनी जागेची चौकशी आधीच्या हिवाळ्यातच करावी. मराठी २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीची आहे, त्याची तयारी मुलाला सुट्टीतच सुरू करून द्या.

नववीच्या पुढची मुलं घेऊन येत असाल तर जास्त सावध राहा. परदेशी मंडळातून सीबीएसईच्या नववी ते बारावीत प्रवेश घ्यायचा तर मंडळाची परवानगी लागते, आणि दहावी किंवा बारावीत मध्येच शिरणं फार कठीण आहे, कारण अभ्यासक्रम दोन-दोन वर्षांचे आहेत. शक्य असेल तर नववी किंवा अकरावीच्या सुरुवातीलाच या. वैद्यकीय, अभियांत्रिकीचा विचार असेल तर हेही माहीत हवं: ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय विद्यार्थ्यांना नीट, जेईईसारख्या परीक्षांतून फक्त अनिवासी भारतीयांच्या जागांवर प्रवेश मिळतो. ज्यांचं ओसीआय कार्ड त्या तारखेपूर्वीचं आहे, त्यांना ही अट लागू नाही, असा दिलासा सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. कार्डावरची तारीख आजच पाहून ठेवा.

पत्त्याचा पुरावा

भाड्याचं घर घेतलं की भाडेकरार ऑनलाइन नोंदवायला आधार लागतं, आणि आधार काढायला पत्ता लागतो. पासपोर्ट वकिलातीतून नवा केला असेल तर त्यावर पत्ताही परदेशातलाच. या फेऱ्यातून बाहेर पडायचा रस्ता आहे, पण एजंट तो सांगत नाहीत कारण त्यांना ऑनलाइन सोपं पडतं: दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन करार नोंदवा. दोन्ही पक्ष, साक्षीदार, पॅन, पासपोर्ट. नोंदणीकृत करार हाती आला की तो पत्त्याचा पुरावा म्हणून आधार केंद्रात चालतो. नोटरी केलेल्या करारावर समाधान मानू नका. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे अशा भाडेकराराची, नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे.

आई-वडिलांच्या घरी उतरला असाल आणि तुमचं जुनं आधार असेल, तर कुटुंबप्रमुखाच्या पत्त्यावरून तुमचा पत्ता ऑनलाइन बदलता येतो. विनंती गेली की आजोबांना त्यांच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून ३० दिवसांत मंजुरी द्यावी लागते. तो मेसेज त्यांच्या लक्षातच येत नाही, मुदत संपते, शुल्क परत मिळत नाही. अर्ज त्यांच्या शेजारी बसून भरा. तुमचा स्वतःचा आधारला जोडलेला जुना नंबर परदेशी जाताना बंद केला असेल, तर आधी केंद्रात जाऊन नवा जोडा, नाहीतर ओटीपी येणार कुठे?

बँक आणि इतर

इथे एक गैरसमज सर्रास आहे: ‘१८२ दिवस होईपर्यंत मी अनिवासीच.’ ते प्राप्तिकराचं गणित. परकीय चलन कायद्याच्या, म्हणजे फेमाच्या दृष्टीने, कायमचं राहायच्या उद्देशाने परतलात की तुम्ही निवासी झालात. त्यामुळे एनआरई आणि एनआरओ ही अनिवासींची खाती लगेच निवासी खात्यांत बदलायची. परकीय चलन ठेवायचं असेल तर आरएफसी (निवासींचं परकीय चलनातलं) खातं उघडता येतं. एफसीएनआर (अनिवासींची परकीय चलनातली) ठेव मुदत संपेपर्यंत तशीच चालते. परदेशात असताना तिथे घेतलेली मालमत्ता विकून टाकण्याची सक्ती नाही. पॅन-आधार जोडणीतून अनिवासींना मिळणारी सूट निवासी झाल्यावर उरत नाही, ती जोडणी करून टाका.

गाडी चालवण्याचा भारतीय परवाना संपून एक वर्षाच्या आत असाल तर चाचणीशिवाय नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं की पुन्हा चाचणी. अर्ज ‘सारथी’ या सरकारी संकेतस्थळावर भरून मग वेळ घेऊन आपल्या भागाच्या आरटीओत जायचं. मतदार यादीत नाव कधीच नव्हतं तर नमुना ६, असलेलं नाव नव्या पत्त्यावर हलवायचं तर नमुना ८. दोन्ही घरबसल्या भरता येतात, आणि यादीत जुन्या घराच्या पत्त्यावर नाव अजून आहे का ते आधी शोधा, नाहीतर दोन ठिकाणी नाव म्हणून नवा अर्ज फेटाळला जातो.