पडत्या भावाचा तळ: हरिपूरच्या पेवापासून बिटकॉइनपर्यंत

भावाची वाट बघणं सांगलीकराला कुणी शिकवायला नको. कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपुरात हळद पेवात, म्हणजे जमिनीतल्या खोल खड्ड्यात भरायची आणि तेजी आली की काढायची, हा इथला जुना रिवाज. 2005 च्या महापुराने पुष्कळ पेवांची वाट लावली, पण ती सवय रक्तात राहिली. हळदीचे वायदेही, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, इथे झाले. विटा-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी तर देशभर सोनं गाळतात, त्यांच्या घरी सकाळी आधी भाव बघितला जातो, मग चहा. त्यामुळे बिटकॉइनसारख्या क्रिप्टो नाण्यांतला ‘डिप’, म्हणजे भावाची घसरण, इथल्या पोरांना परका वाटलाच नाही. पडला की घ्यायचा, चढला की काढायचा.

फरक कुठे पडतो? हळदीच्या भावामागे आवक असते, पाऊस असतो, संध्याकाळी यार्ड सामसूम होतं. बिटकॉइनचा बाजार रात्री दोनलाही चालू, दिवाळीलाही चालू. शेअर बाजारात भाव फार पडला की सौदे थांबवणारं सर्किट लागतं, तसा हा फार आपटला म्हणून थांबतही नाही.

जानेवारी 2009 मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनचा भाव डिसेंबर 2017 ला 20 हजार डॉलरच्या जवळ गेला आणि वर्षभरात 3,200 च्या आसपास आला. स्वस्त म्हणावं तर हाच काळ. पण एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांसाठी सेवा द्यायला मनाई केली होती. तळ आला तेव्हा आपल्याकडे पैसे भरायचा सरळ रस्ताच बंद! सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 ला ते परिपत्रक रद्द केलं. पुढच्याच आठवड्यात कोरोनाच्या धसक्याने भाव एका दिवसात जवळपास निम्म्यावर आला. तेव्हा ज्यांनी धाडस केलं त्यांनी एप्रिल 2021 मध्ये 64 हजार डॉलर पाहिले. ‘पडला की घ्या’ हे आपल्याकडे मंत्रासारखं झालं ते माझ्या मते इथून. ज्यांना फळलं ते बोलत होते, बाकीचे गप्प होते.

नोव्हेंबर 2021 मध्ये भाव 69 हजारांवर टेकला. जानेवारीत 35 हजारांच्याही खाली आला, म्हणजे निम्मा. निम्म्यात मिळतंय म्हणून घेणाऱ्याला पुढचं दिसत नव्हतं: नोव्हेंबर 2022 मध्ये तोच भाव 16 हजारांच्या खाली होता. निम्म्यात घेतलेल्याचंही पुन्हा निम्मं झालं. यात उधारीवर खेळणाऱ्यांचा मोठा वाटा असतो. भाव ठरावीक पातळीखाली गेला की त्यांचे सौदे आपोआप विकले जातात, त्या विक्रीने भाव आणखी पडतो, मग पुढच्याचा नंबर. ही साखळी कुठे तुटेल हे आलेखावर आधी दिसत नाही. तुटल्यावर मात्र सगळ्यांना दिसतं आणि मग सगळेच जाणकार.

विश्रामबागेतल्या माझ्या ओळखीच्या एका पोराची गोष्ट मे 2022 ची. महिन्याच्या सुरुवातीला ल्युना हे नाणं 80 डॉलरच्या आसपास होतं. त्याने 30 ला घेतलं, मग 5 ला, मग 1 ला. चहाच्या गाड्यावर मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, “काका, ॲव्हरेज करतोय.” म्हणजे पडत्या भावात आणखी घेऊन सरासरी खरेदी भाव खाली आणायचा. ल्युनाचं एक जोडनाणं होतं, त्याचा भाव एका डॉलरला धरून ठेवण्यासाठी नवं ल्युना छापलं जायचं. जोडनाणं घसरलं तसा ल्युनाचा पूर आला. पडत नव्हता तो भाव, विरघळत होता. दोन-तीन दिवसांत एक सेंटही उरला नाही. सडलेल्या हळदीचं पोतंसुद्धा चार पैसे देऊन जातं.

त्यातच 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर लागू झाला होता आणि जुलैपासून विक्रीच्या अख्ख्या रकमेवर 1 टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतला जाणारा कर. टीडीएस विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. दर डिपला घे-वीक करणाऱ्याचं भांडवल असं थेंबाथेंबाने आटतं. त्या पोराला त्याच वर्षी दुसऱ्या एका नाण्यात एक लाखाचा नफा झाला होता. सीएकडे गेल्यावर त्याने विचारलं, ल्युनाचा तोटा यातून वजा होईल ना? सीए म्हणाले, एका नाण्याचा तोटा दुसऱ्यात धरत नाहीत. 30 हजार आणि वर सेस, तेवढं भरून टाक.