आत्याची राखुंडी आणि फ्लोराइड

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा उगवला: टूथपेस्टच्या ट्यूबच्या बुडाशी हिरवी पट्टी असेल तर माल नैसर्गिक, काळी असेल तर निव्वळ केमिकल. ती पट्टी असते कारखान्यातल्या यंत्रासाठी. ट्यूब कुठे कापायची आणि चिकटवायची, ते तिच्यावरून सेन्सरला कळतं. रंग छपाईत उठून दिसला की झालं. हे मी लिहिलंही, पण आत्याचं लगेच आलं, "त्यापेक्षा आईची राखुंडी बरी होती."

आजीची राखुंडी म्हणजे भाताच्या तुसाची राख आणि मीठ. मोरीच्या कोनाड्यात पत्र्याच्या डब्यात असायची. तुसाच्या राखेत बहुतेक सगळी सिलिकाच, म्हणजे वाळूचं द्रव्य. आता गंमत अशी की बऱ्याच टूथपेस्टमध्येही सिलिकाच असते! फरक कणांचा. कारखान्यातले कण बारीक, एकसारखे. राखुंडीत मात्र फडक्यातून गळेल ते सगळं. सीडीच्या जुन्या डबीवर चिमूटभर घासून पाहिली, तर डबी धुरकट झाली. दाताचं कवच, म्हणजे इनॅमल, त्या प्लॅस्टिकपेक्षा खूप कठीण असतं हे खरं. पण हिरडी सरकली की उघडं पडणारं डेंटिन मऊ असतं, ते झिजतं.

तरी घासणं ही अर्धीच गोष्ट. इनॅमल हा हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा स्फटिक: कॅल्शियम, फॉस्फेट, हायड्रॉक्सिल. गोड खाल्लं की दातांवरच्या थरातले जिवाणू काही मिनिटांत आम्ल करतात. आम्लातले हायड्रोजन आयन आसपासच्या द्रवातले फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल पकडून ठेवतात. ही तूट भरायला स्फटिक विरघळू लागतो. सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की हे सुरू होतं. लाळ आम्ल निवळवते, तेव्हा खनिज परत बसू लागतं. रोज ही ये-जा चालते, आणि जाणं जास्त झालं की खड्डा पडतो.

पेस्टमध्ये फ्लोराइड असेल, तर खनिज परत बसताना काही हायड्रॉक्सिलच्या जागी ते शिरतं. स्फटिकात ते जास्त चपखल बसतं, म्हणून हा नवा थर सामू ४.५ च्या आसपास येईपर्यंत तग धरतो. राखुंडीकडे किंवा कडुलिंबाच्या काडीकडे हा डाव नाही. काडीचा चावून केलेला कुंचा दात छान घासतो, तेवढंच.

रिंगणी या काटेरी रानझुडपाच्या बियांची धुरी देऊन दाढेतली 'कीड' पाडून दाखवतात, त्या अळ्या म्हणजे तापून फुटलेल्या बियांमधले कोंब. मशेरी तर जळकी तंबाखूच. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ मध्ये बंदी आली, तरी घरच्या तव्यावर ती भाजली जातेच.

आत्याला शेवटी एवढंच लिहिलं: फ्लोराइडची पेस्ट घे, घासून झाल्यावर फेस थुंक, पण खळखळून चूळ भरू नकोस. फ्लोराइड लाळेत थोडा वेळ राहायला हवं. नातवाच्या ब्रशवर मात्र अगदी थोडी लाव, तो गिळतो.