चेंडू सोडण्याचं गणित

सांगली-साताऱ्याकडे पाऊस सरला, सुगीची घाई उरकली की गावोगाव टेनिस चेंडूच्या स्पर्धा सुरू होतात. डाव सहा-आठ षटकांचा. तिथे सोडून दिलेला चेंडू वाया गेला असं मानतात आणि ते अगदी बरोबर आहे. ३६ चेंडू आणि हाताशी दहा गडी असतील, तर दर साडेतीन चेंडूंना एक गडी गेला तरी डाव पुरतो. कसोटीत दिवसाला ९० षटकं, म्हणजे ५४० चेंडू असतात आणि गडी मात्र तेच दहा. दिवस काढायचा तर प्रत्येक गडी सरासरी ५४ चेंडू टिकायला हवा. चिवट फलंदाजीचं सगळं शास्त्र या भागाकारातून निघतं.

हा भागाकार थोडा पुढे नेऊ. शेवटच्या दिवशी सामना वाचवायचा आहे, ९० षटकं बाकी आहेत आणि दहाही गडी शिल्लक आहेत. प्रत्येक चेंडूवर बाद होण्याची शक्यता सारखीच धरली आणि गडी सरासरी दर ४० चेंडूंना जात असेल, तर सामना वाचण्याची शक्यता जेमतेम १३-१४ टक्के येते. तोच आकडा ६० चेंडूंवर गेला तर शक्यता ५८-५९ टक्क्यांवर जाते आणि ८० वर गेला तर साधारण ८५ टक्क्यांवर. म्हणजे प्रत्येक चेंडूमागचा धोका निम्मा केला, की हरलेला सामना बहुतेक वेळा वाचतो. फलंदाजाला चमत्कार करायचा नसतो. षटकामागे एखादा नको असलेला फटका टाळला तरी हा फरक पडू शकतो.

प्रत्यक्षात धोका सारखा नसतो. नव्या फलंदाजाला पहिल्या वीस-तीस चेंडूंत सगळ्यात जास्त धोका असतो, नजर बसली की तो उतरतो. म्हणून जम बसलेल्या फलंदाजाची विकेट फळ्यावर एकच दिसली, तरी तिची किंमत एकाहून जास्त असते. तो गेला की पुन्हा नवा माणूस आणि पुन्हा तेच धोक्याचे वीस-तीस चेंडू. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीत भारताने चौथ्या डावात १३१ षटकं काढली आणि पाचच गडी गमावले, म्हणजे गड्यामागे १५७ चेंडू. चेतेश्वर पुजाराने २०५ चेंडूंत ७७ धावा केल्या. मांडीचा स्नायू दुखावलेला हनुमा विहारी १६१ चेंडूंत २३ धावांवर नाबाद राहिला, तर रविचंद्रन अश्विन १२८ चेंडूंत ३९ धावांवर. फळ्यावरचे २३ आणि ३९ हे आकडे पाहून त्या खेळींचं मोल कळणार नाही, चेंडूंचा रकाना बघावा लागतो.

हा धोका कमी कसा होतो, ते समजायला डोळ्यापासून सुरुवात करावी लागते. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात पोहोचतो. बघून हालचाल बदलायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. पीटर मॅकलिऑड या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मॅटिंगखाली, म्हणजे खेळपट्टीवर अंथरलेल्या चटईखाली, लाकडी पट्ट्या ठेवल्या होत्या, त्यामुळे टप्पा पडल्यावर चेंडू कुठे वळेल ते आधी कळायचं नाही. कसलेल्या फलंदाजांनाही सुमारे ०.२ सेकंदांच्या आत फटका बदलता आला नाही. पुढे २००० साली मायकल लँड आणि मॅकलिऑड यांनी फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. ‘चेंडूवरून नजर हटवू नकोस’ असं आपण मुलांना सांगतो, पण फलंदाज चेंडूचा सलग पाठलाग करत नाही. चेंडू सुटताना तो पाहतो, मग नजर उडी मारून टप्प्याच्या जागी आधीच जाऊन थांबते. चांगल्या फलंदाजाची ही उडी लवकर पडते.

आता हा ०.२ सेकंदांचा हिशेब खेळपट्टीवर मांडून बघा. गुड लेंग्थचा, म्हणजे पुढे जावं की मागे असा पेच टाकणारा चेंडू यष्ट्यांपासून सहा-सात मीटरवर टप्पा खातो. तिथून बॅटपर्यंतच्या साधारण पाच मीटरना वेगवान चेंडू ०.१५ सेकंद घेतो. टप्प्यावर चेंडू शिवणीवर पडून वळला, तर त्या वळणाला उत्तर देणं शरीराला शक्यच नसतं. अशा चेंडूवर बॅटची कड लागण्यात नजरेचा दोष शोधू नये. चूक त्याआधी, खेळायचं ठरवण्यात झालेली असते.

मग उपाय दोनच राहतात. वळणाला जागा द्यायची नाही, नाहीतर स्वतःला वेळ द्यायचा. बॅटची रुंदी जास्तीत जास्त १०.८ सेंटिमीटर असते, म्हणजे मधल्या रेषेपासून कडेपर्यंत ५.४. चेंडूची त्रिज्या साधारण ३.६ सेंटिमीटर. बॅट सरळ असेल आणि चेंडू मधल्या रेषेपासून ५.४ सेंटिमीटरपर्यंत सरकला, तर तो बॅटच्या तोंडावरच बसतो. त्याहून जास्त, पण ९ सेंटिमीटरच्या आत सरकला तर कड लागते. ९ च्या पलीकडे गेला तर फलंदाज चकतो, पण वाचतो. टप्प्यावर चेंडू फक्त एक अंश वळला, तर चार मीटर पुढे तो ७ सेंटिमीटर सरकलेला असतो, म्हणजे नेमका कडेवर. पूर्ण पाऊल टाकून टप्प्यापासून दोन मीटरवर गाठला तर सरकणं साडेतीन सेंटिमीटर, आणि एका मीटरवर गाठला तर पावणेदोनच. पुढचा पाय पूर्ण न्यायचा तो यासाठी.

आखूड चेंडूचं उलटं. तो यष्ट्यांपासून नऊ-दहा मीटरवर पडला आणि फलंदाज क्रीजमध्ये मागे गेला, तर टप्प्यानंतर त्याला पाव सेकंद मिळतो. तेवढ्यात बॅट वळवता येते, हात खाली घेता येतात, मान काढता येते. सगळ्यात वाईट म्हणजे अर्धवट पाऊल. तिथे टप्पाही जवळ येत नाही आणि वेळही मिळत नाही. सरावात ज्याच्या वारंवार कडा लागतात, त्याचं पाऊल आधी मोजावं, बॅटचा झोका नंतर बघावा.

तिसरा मार्ग सोडण्याचा, आणि कसोटीत तो पुष्कळ वापरावा लागतो. तिन्ही यष्ट्या मिळून रुंदी २२.८६ सेंटिमीटर असते. मधल्या यष्टीवर गार्ड घेतला, म्हणजे तिच्या रेषेत बॅट टेकवून उभं राहिलं, तर ऑफ स्टम्पची बाहेरची कड तिथून साडेअकरा सेंटिमीटरवर येते. चेंडू सुटताना डोकं ऑफ स्टम्पच्या रेषेत येईल असं उभं राहिलं, की हिशेब सोपा होतो: डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूला पडून तशाच सरळ जाणाऱ्या चेंडूला हात लावायचा नाही. उसळत्या खेळपट्टीवर उंचीचाही आधार मिळतो. यष्ट्या ७१ सेंटिमीटर उंच असतात, त्यामुळे तिथे टप्पा कुठे पडला ते बघूनही चेंडू सोडता येतो. आपल्याकडच्या संथ खेळपट्टीवर मात्र उंचीच्या भरवशावर सोडलेला चेंडू यष्टी घेऊन जातो. रेषेचाच भरवसा धरावा. सोडताना बॅट आणि हात आत, शरीराजवळ किंवा खांद्याच्या वर हवेत. अर्धवट पुढे राहिलेली बॅट हा सोडण्यातला नेहमीचा अपघात आहे.

फिरकीसमोर मऊ हातांचं महत्त्व येतं. नारळ झेलताना आपण हात मागे घेतो, तेच इथे बॅटने करायचं असतं. स्थिर बॅटवरून चेंडू आपल्या वेगाच्या साधारण पाचव्या हिश्श्याने परततो असं धरू. सेकंदाला २० मीटर वेगाने आलेला फिरकी चेंडू ४ मीटर वेगाने परत जाईल. गुडघ्याएवढ्या उंचीवरून जमिनीवर पडायला त्याला सुमारे ०.३ सेकंद लागतात, म्हणजे तो सव्वा मीटरवर पडेल. बॅट सेकंदाला फक्त एक मीटर वेगाने मागे घेतली, तर परतीचा वेग २.८ वर येतो आणि चेंडू पाऊण-एक मीटरवरच जमिनीला टेकतो. उलट बॅट तेवढ्याच वेगाने पुढे ढकलली तर परतीचा वेग ५.२ होतो आणि चेंडू दीड मीटरच्याही पुढे, सिली पॉइंटच्या, म्हणजे बॅटजवळ उभ्या क्षेत्ररक्षकाच्या, पसरलेल्या हातांपाशी जातो. खालचा हात घट्ट धरला की बॅट नकळत पुढे ढकलली जाते. म्हणून बचावात वरचा हात बॅट धरतो आणि खालच्या हाताचा अंगठा आणि दोन बोटंच लागतात. मार्च १९८७ मध्ये बंगळूरच्या हातभर वळणाऱ्या खेळपट्टीवर सुनील गावसकरांनी पाकिस्तानविरुद्ध २६४ चेंडूंत ९६ धावा काढल्या. भारत १६ धावांनी हरला, तरी मऊ हात म्हणजे काय ते शिकायला याहून चांगली खेळी सापडणं कठीण.

हे सगळं करून फलंदाज काळ विकत घेतो, आणि काळ चेंडूला बदलतो. नव्या चेंडूची शिवण उठलेली आणि दोन्ही बाजू गुळगुळीत असतात. शिवणीच्या बाजूचा हवेचा पातळ थर खळबळतो आणि चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो. दुसऱ्या बाजूचा थर लवकर सुटतो. या फरकामुळे चेंडू हवेत शिवण दाखवते त्या दिशेला वळतो. पंधरा-वीस षटकांत लकाकी जाते, शिवण बसते आणि हा फरक कमी होतो. नवा चेंडू ८० षटकांनंतरच घेता येतो, त्यामुळे मधली षटकं धावांची. पुढे एक बाजू खडबडीत आणि दुसरी चमकवलेली असेल तर रिव्हर्स स्विंग सुरू होतो, म्हणजे चेंडू हवेत नेहमीच्या उलट दिशेला वळतो, म्हणून ती षटकं बेफिकिरीने खेळायची नसतात. गोलंदाजही थकतो. वेगवान गोलंदाजाच्या पुढच्या पायावर टेकताना शरीराच्या वजनाच्या पाचपट आणि त्याहूनही जास्त भार येतो. हा भार दिवसात सव्वाशे वेळा घेतला, की टप्पा सैल पडायला लागतो.

नव्या चेंडूपुढे काय होऊ शकतं, याचं टोकाचं उदाहरण १९५२ च्या लीड्स कसोटीतलं आहे. भारताच्या दुसऱ्या डावात धावफलक शून्यावर चार बाद होता. कर्णधार विजय हजारे यांनी तिथून ५६ धावा काढल्या, दत्तू फडकरांनी ६४. हजारे यांचा जन्म १९१५ सालचा, सांगलीचा. त्याआधी जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला त्यांनी ऑस्ट्रेलियाचे वेगवान गोलंदाज लिंडवॉल आणि मिलर यांच्यासमोर ११६ आणि १४५ धावा केल्या होत्या. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय.

खेळपट्टीचीही एक घड्याळासारखी चाल असते, आणि ती कृष्णाकाठच्या माणसाला वेगळी शिकवावी लागत नाही. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आक्रसते. चैत्रात उसाच्या मोकळ्या रानाला भेगा पडतात त्या त्यामुळेच. काळ्या मातीची खेळपट्टी ओलावा धरून असते तोवर चेंडू एकसारखा येतो. सुकत गेली की भेगा रुंदावतात, कडा ढिल्या होतात आणि उसळी खालीवर होते. म्हणून पहिल्या दोन दिवसांतल्या शंभर धावा चौथ्या दिवशीच्या शंभर धावांपेक्षा स्वस्त असतात, आणि पहिल्या डावात जास्त वेळ खेळणारा संघ समोरच्याला बिघडलेल्या खेळपट्टीवर ढकलतो. मार्च २०१७ मध्ये पुजाराने रांचीला ५२५ चेंडू खेळून २०२ धावा केल्या, त्यामागे हाच हिशेब होता.

एकाग्रतेबद्दल मात्र बरेच गैरसमज आहेत. दिवसभर एक फलंदाज २७० चेंडू खेळला, तर चेंडू हवेत असण्याचा वेळ मिळून तीन मिनिटांच्याही आत बसतो. बाकीचे सहा तास थांबण्याचे असतात. सहा तास ताणून लक्ष देणारा दुपारपर्यंत रिकामा होतो. गोलंदाज धावायला लागला की लक्ष जागं करायचं, आधी त्याच्या साऱ्या अंगाकडे, मग हाताकडे. चेंडू संपला की लक्ष सोडून द्यायचं: दोन पावलं बाजूला, ग्लोव्हजची पट्टी, दूरवर नजर. दर वेळी तोच क्रम ठेवला की मेंदूला वेगळी आज्ञा द्यावी लागत नाही. राहुल द्रविडच्या नावावर कसोटीत ३१,२५८ चेंडू आहेत, जगात सर्वांत जास्त. २००४ मध्ये रावळपिंडीला त्याने ४९५ चेंडू खेळून २७० धावा केल्या, मैदानावर १२ तासांहून जास्त.

घामाकडे मात्र सहज दुर्लक्ष होतं. एप्रिलमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो, त्यात पॅड, हेल्मेट आणि थायगार्ड. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं की लक्ष ढळायला लागतं. ६५ किलोच्या मुलासाठी हे सव्वा किलो होतं, आणि उन्हात दीड-दोन तासांत सहज जातं. सत्रापूर्वी आणि नंतर वजन करावं. किलोभर घटलं तर पुढच्या वेळी घोटाघोटाने तेवढंच पाणी, चिमूटभर मीठ आणि साखर घालून, खेळताना पोटात जायला हवं. तहान लागायची वाट बघितली तर उशीर होतो.

संयम म्हणजे संथपणा नव्हे. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात गुलाबी चेंडूच्या कसोटीत खेळली, तेव्हा तिचं अर्धशतक ५१ चेंडूंत झालं आणि एकूण १२७ धावांना २१६ चेंडू लागले. म्हणजे पुढच्या पाऊणशे धावांना १६५. गोलंदाजी सैल होती तोवर मारलं, गोलंदाजी सावरल्यावर संयम धरला. उलट डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीला दक्षिण आफ्रिकेने १४३.१ षटकांत १४३ धावा केल्या. हाशिम आमला २४४ चेंडूंत २५, एबी डिव्हिलियर्स २९७ चेंडूंत ४३. अफाट चिकाटी, तरीही हार. धावांची भीतीच उरली नाही की क्षेत्ररक्षक बॅटभोवती गोळा होतात, आणि मग एकेका चेंडूमागचा धोका वाढतो. म्हणून बचावातही दर षटकात एक-दोन एकेरी धावा हव्यात. त्यामुळे गोलंदाजाची रेषा मोडते.

टेनिस चेंडूवर हात बसलेल्या मुलाला लेदरवर आणताना पहिली अडचण वजनाची येते. टेनिस चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा, लेदरचा १५६ ते १६३ ग्रॅमचा. हलक्या चेंडूला आडव्या बॅटने उचलायची सवय लेदरला पुरत नाही. मॅटिंगवर सराव असेल तर आधी मॅट चारी बाजूंनी खिळ्यांनी ताणावं. सैल मॅटवर चेंडू घुटमळतो आणि पुढे मातीच्या खेळपट्टीवर मुलाचा वेळेचा अंदाज चुकतो. ऑफ स्टम्पच्या बाहेर बॅटच्या रुंदीएवढ्या अंतरावर खडूची रेघ मारावी आणि ६० चेंडू टाकावेत. रेघेबाहेरचे सगळे सोडायचे, आतले सरळ बॅटने खेळायचे. धावा मोजायच्या नाहीत. वहीत तीन खुणा पुरतात: सोडायचा होता पण खेळला, खेळायचा होता पण सोडला, कड लागली. पहिला आकडा ६० मध्ये पाचाच्या खाली आला, की रेघ पुसून टाकावी आणि तीच चाचणी नव्या चेंडूने पुन्हा घ्यावी.