खाचरातलं उभं पाणी: कमी पाण्याच्या भाताची पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीला वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, मग तिथं कमी पाण्याच्या भाताचा विषय कशाला, असं जिल्ह्याच्या कोरड्या निफाड-येवल्याकडचा माणूस हमखास विचारतो. पाऊस पडतो, पण पाणी थांबत नाही. तालुक्यातल्या दारणा धरणाचं, 1916 पासून, पाणी गोदावरीला मिळून खाली जातं. ऊर्ध्व वैतरणेचं मुंबईला. उन्हाळ्यात याच पट्ट्यातल्या वाड्या-पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. धरण उशाला, कोरड घशाला. आणि जुलैत, ऐन आवणीत (भाताच्या लावणीत), पावसानं आठ दिवस ओढ दिली की राबातली (रोपवाटिकेतली) रोपं पिवळी पडतात, चिखलणी अडते, ओहोळावर डिझेल इंजिन ठेवावं लागतं.

मुळात भाताला उभं पाणी लागतं का? भात पाण्यात तग धरतो, पण तो पाणवनस्पती नाही. खाचर, म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत, तुडुंब ठेवण्याचं मोठं कारण तण. पाण्याखाली बहुतेक तणाचं बी उगवत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पाण्यानंच निंदणी करून घेतली. त्याची किंमत मोठी आहे. एक किलो भातामागे शेताला सरासरी 2,500 लिटर पाणी पुरवावं लागतं. पिकाच्या पानांतून आणि जमिनीवरून वाफ होऊन जातं त्यातलं 1,432 लिटरच्या आसपास, बाकीचं मुरतं, पाझरतं. सतत पाण्यात उभा असलेला चूड (भाताच्या रोपांचा झुबका) उपटून बघावा: मुळं तांबूस-काळी, चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास. मधूनमधून वाफसा (ओल असून हवाही खेळते अशी स्थिती) मिळालेल्या खाचरातला चूड उपटला तर मुळं पांढरी आणि भरघोस. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की बाकीचं समजावून सांगावं लागत नाही.

हे ज्यानं पद्धतशीर मांडलं तो शेतकरी नव्हता, धर्मगुरू होता. फ्रान्सचे आंरी द लोलानिए 1961 मध्ये मादागास्करला गेले आणि तिथल्या गरीब शेतकऱ्यांबरोबर भातावर काम करत राहिले. 1983 मध्ये अडचणीपोटी त्यांच्या विद्यार्थ्यांना जेमतेम 15 दिवसांची रोपं लावावी लागली. एकेक रोप, 25 सेंटिमीटर अंतरावर. फुटवे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आले. त्यातून कोवळं रोप, मोकळं अंतर, पाणी नुसतं ओलीपुरतं, कोळपणी आणि शेणखत अशी पद्धत जुळत गेली. कॉर्नेल विद्यापीठाचे नॉर्मन अपहॉफ यांनी ती जगभर पोहोचवली. भारतात 2000 नंतर तमिळनाडू आणि आंध्रात चाचण्या झाल्या आणि तिला आपल्याकडे ‘श्री पद्धत’ हे नाव पडलं.

फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं दुसरी, सोपी वाट काढली. भोकं पाडलेला नळीचा तुकडा खाचरात रोवायचा आणि आत डोकावायचं. पाणी जमिनीखाली 15 सेंटिमीटरपर्यंत उतरलं की मगच पुन्हा द्यायचं. पाण्याची 30 टक्क्यांपर्यंत बचत होते, आणि साचलेल्या चिखलातून निघणारा मिथेन वायू जवळपास निम्म्यावर येतो. पीक फुलोऱ्यात असताना मात्र पाणी तोडायचं नाही.

महाराष्ट्राचं स्वतःचं कामही मोलाचं आहे. डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीत चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपी खताची ब्रिकेट (दाबून केलेली गोळी) खोल खोचतात, त्यामुळे बांधावरून वाहणाऱ्या पाण्याबरोबर खत निघून जात नाही. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राईस तंत्रात चिखलणी आणि लावणी दोन्ही काढून टाकल्या. कायमच्या गादीवाफ्यावर बी टोकायचं आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू द्यायची. पाऊस लांबला तरी राब आणि चिखलाची वाट बघावी लागत नाही, म्हणून आमच्या पट्ट्याला मला हेच सगळ्यात जवळचं वाटतं.

अडचणीही खऱ्या आहेत. उभं पाणी काढलं की तण उसळतं, आणि ते काढायला वाकतात त्या बायाच. शिवाय डोंगरउतारावर वरच्या खाचराचं पाणी खालच्या खाचरात उतरतं. जुलैच्या झडीत एकट्यानं आपल्या शेतात वाफसा आणीन म्हणून चालत नाही. वरच्या आणि खालच्या दोन्ही बांधकऱ्यांशी आधी बोलून, पाण्याला वाट कुठून द्यायची ते आवणीपूर्वीच ठरवावं लागतं.